दोन बोटांचा समास

३ जानेवारी

काटेकोरबाई,

तुझा पत्ता आईच्या वहीतून घेतला. तिला विचारून घेतला, चोरून नाही. पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची असते, पण ती तुझी आई दर रविवारी फोनवर करते आणि मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत असतो, त्यामुळे तुझा खोकला गेला हे मला माहीत आहे. दवाखान्यात अजून तूच लोकांना भेटीच्या वेळा देतेस हेही माहीत आहे. माझं ठीक. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, उजवा अजून कामावर येतो. गुडघे येत नाहीत.

अकरा वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलं असशीलच. काम आहे.

वाचनालयाच्या अंगणात आपलं सूर्यघड्याळ आहे. ‘आपलं’ म्हटलं याचा राग मानू नकोस, दुसरा शब्द सुचला नाही. आता तिथे नव्या ग्रंथपालबाई आल्या आहेत. अंगणाची फरशी खचली, ती सगळी उखडून नवी घालायची आहे. त्यासाठी पितळेची तबकडी चौथऱ्यावरून उतरवली. बाईंनी मला बोलावलं आणि सरळ विचारलं, ‘‘हे पुन्हा बसवायचं का? चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ ठेवून लोकांना काय सांगू मी? दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर मोडीत देऊ या.’’ फरशीचं काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपेल. तोवर उत्तर हवं.

तबकडी जाड आहे, तुझ्या लक्षात असेल. तिची मागची बाजू कोरी आहे. उलटी करून त्या बाजूवर नव्याने आखलं तर घड्याळ पुन्हा उभं राहील. शंकू, म्हणजे सावली पाडणारी ती तिरकी पट्टी, ठीक आहे, तिचा कोन मी परवा तपासला. प्रश्न फक्त तासांच्या रेषांचा आहे.

तर काम एवढंच. तेव्हा तू रेषांच्या अंतराचं कोष्टक तयार केलं होतंस. तुझा मूळ कागद आमच्याकडून केव्हाच गहाळ झाला. तुझ्याकडे त्याची नक्कल असेल तर पाठव. नसेल तर दोन ओळी लिहून तसं कळव, म्हणजे मी दुसरीकडे कुठे बघेन.

आई म्हणते, तिला पत्र लिहिताय तर नीट लिहा. मी नीटच लिहितोय.

तुझे बाबा


१२ जानेवारी

काटेकोरबाई,

उत्तर आलं नाही. आईला विचारलं, ती काही म्हणाली का. आई म्हणाली, ‘‘पत्र पोचलं म्हणाली.’’ पुढे काय, विचारलं, तर म्हणे, ‘‘पुढे हवेबद्दल बोललो.’’

तबकडी कारखान्यात आली. कारखाना म्हणजे आपली तीच मागची खोली, पत्र्याचं छप्पर आणि दोन खिडक्या. आता एका खिडकीपुढे कोणीतरी तीन मजले चढवलेत, त्यामुळे उजेड दुपारी दीडनंतरच येतो. चार माणसांनी तबकडी आत आणली आणि जाताना एकाने ‘हे काय आहे’ म्हणून विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मोबाइल नव्हते तेव्हाचं का?’’ मी हो म्हटलं. वाद घालायची ताकद राहिली नाही.

मग तीन दिवस बसून मी ती मोजली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणशील, इतकी वर्षं काय करत होतात? वाचनालयाच्या रस्त्याने जाणं टाळत होतो. भाजीला जायचं असलं तरी वळसा घालून.

बाराची रेषा जागेवर आहे. तबकडीची लांबीही बरोबर, आठशे म्हणजे आठशे मिलिमीटर. पण आडव्या बाजूला सगळं सुटलंय. नऊची रेषा २७३.६ वर हवी ती २९० वर आहे. तीनची तशीच. दहा, दोन, अकरा, एक, सगळ्या आपापल्या जागेपासून बाहेर सरकल्या आहेत. पँटचं इलॅस्टिक सैल पडावं तसं झालंय. म्हणून ते घड्याळ सकाळी सात मिनिटं पुढे आणि दुपारी सात मिनिटं मागे पळायचं, आणि बाराच्या ठोक्याला मात्र शहाण्यासारखं बरोबर.

तू हेच म्हणाली होतीस. उद्घाटनाच्या संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. मी तेव्हा सूर्याचं आणि हातातल्या घड्याळाचं वर्षभरात पाव तासापर्यंत मागेपुढे होतं, त्याचं पुराण लावलं होतं. तू म्हणालीस, ‘‘बाबा, तो फरक दिवसभर सारखाच असतो. सूर्य सकाळी घाईत आणि दुपारी आळसात असं नसतं. हा कागद ताणला गेलाय.’’

आता कागद ताणला जातो याची कारणं अनेक असतात. दमट हवेत कागद फुगतो. शिवाय आखणी लहान आणि काम मोठं असलं की पेन्सिलची अर्धा मिलिमीटरची रेघ आठपट होताना चार मिलिमीटर जाड होते. मग छिन्नी धरायची कुठे, रेघेच्या आतल्या कडेला, बाहेरच्या की मध्ये? मी मध्ये धरली. शंकूच्या जाडीसाठी बाराच्या जागी जी फट सोडतात, तीही आठपट होते. कागदातली फट फुगते, आणि बाजारातली पट्टी मात्र ठरलेल्या जाडीचीच मिळते. अशा हजार भानगडी. कुठल्याही कारागिराची यात फसगत होऊ शकते, एवढंच मला म्हणायचं आहे.

कोष्टक पाठव. उजेडाचे दिवस भराभर जातायत.

बाबा


२० जानेवारी

बाळ,

मागचं पत्र टाकून घरी आलो आणि पायरीवरच बसलो. आई म्हणाली, काय झालं. काही नाही म्हटलं.

मी २७३.६ लिहिलं होतं. तुझ्या नजरेतून ते सुटलेलं नसणार. तुझ्या नजरेतून काय सुटतं? लहानपणी दूधवाल्याच्या मापातला डाग तू दाखवला होतास. ज्याचा कागद गहाळ झाला, ज्याच्याकडे कोष्टक नाही, त्याला नऊच्या रेषेचा आकडा दशांशासकट कुठून कळला, असं तू मनात म्हटलं असशील आणि पत्र घडी करून ठेवलं असशील. म्हणून उत्तर नाही.

कोष्टक माझ्याकडे आहे. पहिल्यापासून होतं. जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ज्यात मी मोडक्या आखणीच्या सुया ठेवतो, त्यांच्याखाली. मग तुझ्याकडे मागितलं कशाला? निमित्त हवं होतं. सरळ लिहायला सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून खोटं बोलून सुरुवात केली. म्हातारा झालो तरी सवय जात नाही.

आता काय झालं ते सांगतो. तुला अर्धंच माहीत आहे.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि तू आठ दिवस तिच्याजवळ दवाखान्यात होतीस. जाताना आखणीचा कागद माझ्या हातात दिलास. हातभर लांबीचा, मधोमध घड्याळ अर्ध्या वितीचं, आणि डावीकडे समासात मुंग्यांसारख्या अक्षरात ते कोष्टक. म्हणालीस, ‘‘मी येईपर्यंत थांबा, मग आपण दोघं मिळून तबकडीवर आखू.’’ उद्घाटनाला बारा दिवस उरले होते. वाचनालयाचे चिटणीस रोज फोन करत. मी थांबलो नाही.

मी आयुष्यभर बागेतली लहान घड्याळं केली. कागदावर जेवढं तेवढंच पितळेवर. कागद चिकटवायचा, सुईने टोचून खुणा उतरवायच्या आणि कोरायचं. हे पहिलंच मोठं काम. मला वाटलं, लहान कागद मोठा करून घेतला की झालं, बाकी रीत तीच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्या काचेवर कागद दोन बोटं जास्त होत होता. त्याने कात्री दिली. मी समास कापला.

मग मोठं करायला लागलो. मशीन एका वेळी दीडपटीच्या आतच मोठं करायचं. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदा कागद मावेना, मग दोन तुकडे केले, मग चार. सहाव्या खेपेला शेवटी सोळा तुकडे झाले. चिकटपट्टीने जोडून सगळं खोलीच्या जमिनीवर पसरलं. कुठे गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर पूर्वेकडे बाण काढला होता आणि प्रत्येक वेळी बाण पुढे धरूनच कागद मशीनमध्ये घातला. त्या व्यवस्थितपणाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

आणि घात तिथेच झाला. हे मला आत्ता, परवा कळलं. त्याच दुकानात जाऊन फूटपट्टी मोठी करून पाहिली. कागद ज्या दिशेने मशीनमध्ये सरकतो त्या दिशेला किंचित जास्त ताणला जातो. शंभराला एक. डोळ्याला दिसत नाही. एखाददुसऱ्या खेपेला कोणाला पत्ताही लागत नाही. पण मी सहाही वेळा तो एकाच बाजूने घातला, आणि शंभराला सहा झाले. एकदा आडवा, एकदा उभा असा घातला असता तर दोन्हीकडून सारखा ताणला गेला असता आणि रेषांचे कोन बिघडले नसते. निष्काळजीपणा केला असता तर वाचलो असतो. दुकानदार आता दुसराच आहे, तो माझ्याकडे बघत होता. ‘‘आजोबा, फूटपट्टी कशाला मोठी करताय, दुकानात मोठी मिळते की,’’ म्हणाला.

हे सगळं माझ्या हातून झालं. आखणी तुझी होती ती बरोबर होती. समासात वर काहीतरी सूचना लिहिली होतीस, ती घाईत माझ्याकडून वाचायची राहून गेली. ती वाचली असती तर हे झालंच नसतं.

तुझे बाबा


२९ जानेवारी

बाळ,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

मागचं पत्र पोस्टात टाकण्याआधी आईला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, उठली, कारखान्यात गेली आणि हातात तो पत्र्याचा डबा घेऊन आली. सुया टेबलावर ओतल्या. खालून ती पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. दोन बोटं रुंद, हातभर लांब, पिवळी पडलेली.

‘‘वाचायची राहून गेली?’’ म्हणाली.

मी सुया गोळा करायला लागलो.

‘‘अहो, मग ही खूण कोणाची?’’

मी सगळ्या मुलांना, म्हणजे जे कोणी माझ्याकडे काम शिकले त्या सगळ्यांना, पहिल्या दिवशी काय सांगायचो? आखणीवर जितक्या सूचना असतील त्या एकेक वाचायच्या, आणि वाचलेल्या प्रत्येकीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण करायची. खूण नसेल ती वाचलेली नाही असं धरायचं. तूही सहा वर्षांची असताना शाळेच्या पुस्तकातल्या प्रत्येक ओळीपुढे खुणा करून बाईंचा ओरडा खाल्ला होतास. पट्टीवर कोष्टकाच्या वर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘हे चित्र मोठं करू नका. खालच्या अंतरांवरून तबकडीवर मोजून आखा.’ त्याच्यापुढे बरोबरची खूण आहे. माझी. माझ्या जाड पेन्सिलची.

मी वाचलं होतं. वाचून, खूण करून, मग कापलं.

का, ते आता सांगतोच. मला कोष्टकाची भीती वाटते. शाळेत दशांश चिन्हावरून मी दोनदा नापास झालो होतो, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही काल कळलं. हाताने मला सगळं येतं. कागद टोचून काय हवं ते उतरवतो. पण आकडे मोजून रेष टाकायची म्हटलं की मी सुई खाली ठेवतो. तू ते आकडे बसल्या बसल्या काढायचीस आणि मी शेजारी उभा राहून ‘हं, हं’ करायचो. तुझ्याशिवाय मला ते आखता येणार नव्हतं, आणि तुझ्याशिवाय आखता येत नाही हे मला कबूल करायचं नव्हतं. इतकीच गोष्ट आहे. इतक्या लहान गोष्टीसाठी मी काय केलं बघ.

उद्घाटन तीन वाजता होतं. पाहुण्यांनी सूर्याचा फरक वजा करून मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ‘‘अहो, हे तर सात मिनिटं मागे आहे,’’ म्हणाले. दोघंतिघं हसले. तू तबकडीवर हात ठेवून उभी होतीस. तुझ्या त्या कोऱ्या सुती कपड्यांवर पितळेचा डाग पडला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ‘‘आखणी मुलीची आहे. पहिलंच काम, सांभाळून घ्या.’’ वर हसलो सुद्धा.

घरी आल्यावर कागद ताणल्याचं बोललीस आणि मग म्हणालीस, ‘‘मूळ कागद दाखवा.’’ मी म्हटलं, फेकला. तू माझ्याकडे बघितलंस. त्या वेळी ती पट्टी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

पुढच्या आठवड्यात चिटणिसांनी फोन केला की लोक विचारतात, काहीतरी पाटी लावावी लागेल, काय लिहू. ते वाक्य मी सांगितलंय, बाळ. ‘आरेखनातील चुकीमुळे हे घड्याळ अचूक वेळ दाखवत नाही.’ आणि तबकडीच्या काठावर त्याच्या वितभर वर ‘आरेखन’ लिहून पुढे तुझं नाव, जे मीच दोन आठवडे आधी कौतुकाने कोरलं होतं. कोणी वाचलं की त्याला दोन्ही एकदम दिसायचं. तू पेन्सिली, कंपास, गुण्या सगळं एका पिशवीत भरून दाराशी खिळ्याला अडकवून गेलीस, ती पिशवी अजून तिथेच खिळ्याला आहे. आईने मला ती हलवू दिली नाही.

आईला विचारलं, तुला पट्टीचं माहीत होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, ‘‘डबा मीच पुसते. दुसऱ्या वर्षीच दिसली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले.’’ मग म्हणाली, ‘‘थांबायला नको होतं. माझंही चुकलं.’’ आणि त्या दिवशी तिने मला चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशी दिला, पण कप आपटून.

मागचं पत्र मी होतं तसंच टाकलं. फाडावंसं वाटलं, पण मग तेही लपवल्यासारखं झालं असतं. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते खोडून वाच.

काल वाचनालयात गेलो, या वेळी सरळ रस्त्याने. ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं. त्या नुसत्या ऐकत होत्या, हातातला शिक्का शाईच्या गादीवर तसाच राहिला होता. म्हटलं, ती पत्र्याची पाटी काढा आणि ही लावा. मी घरून रंगवून नेली होती. ‘या घड्याळाचे आरेखन बिनचूक होते. सूचना वाचूनही कारागिराने ते चुकीच्या रीतीने मोठे केले.’ खाली माझी सही.

बाई म्हणाल्या, ‘‘अहो, पण आता घड्याळच नाहीये तिथे. नुसता चौथरा आहे. आणि दुरुस्त होऊन आल्यावर पाटी लागणारच नाही.’’

म्हटलं, ‘‘ती अकरा वर्षं होती. ही निदान महिनाभर राहू द्या.’’

त्यांनी लावली. तेव्हा सध्या अंगणात उखडलेली फरशी, वाळूचे ढीग, मध्ये रिकामा चौथरा आणि त्याच्यापुढे माझी सही आहे. गवंडी येता-जाता वाचतात. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला वाचून दाखवली, मी ऐकलं. बरं वाटलं नाही. पण झोप लागली.

आता खरंखुरं काम. मी या वेळी मोजून आखणार आहे. पट्टीवरची अक्षरं बारीक आहेत आणि माझा एकच डोळा धड आहे. मोठ्या भिंगाखाली धरून तुझे आकडे मी सोबतच्या कागदावर उतरवलेत. (पट्टीची झेरॉक्स काढलेली नाही, तेवढी अक्कल आली.) बाराच्या रेषेपासून, शंकूच्या जाडीची फट सोडून, वरच्या काठावर, मिलिमीटरमध्ये. सकाळकडे: अकरा ७३.३, दहा १५८, नऊ २७३.६, आठ ४७३.९. दुपारकडे: एक ७३.३, दोन १५८, तीन २७३.६, चार ४३७.९. सात आणि पाच बाजूच्या काठावर येतात, ते खाली वेगळे लिहिलेत.

तू बघशील का? बरोबर असेल तर काही लिहू नकोस, चुकलं असेल तर खूण कर. वीस फेब्रुवारीपर्यंत वाट पाहीन. नाही आलं तर जसं दिसतंय तसं आखीन आणि जे होईल ते होईल, पण तेव्हा पाटीवर नाव फक्त माझं असेल. माफ कर म्हणायला मला लाज वाटते, म्हणून ते पत्राच्या मध्येच कुठेतरी घालावं असा विचार होता. जमलं नाही. माफ कर.

बाबा


२१ फेब्रुवारी

बाळ,

काल वीस तारीख होती. सकाळपासून तबकडी घासून, पाणसळ लावून सपाटी तपासून, सुई हातात घेऊन बसलो होतो. दीडला उजेड आला. बाराची रेषा आखली, ती काय, डोळे मिटूनही आखता येते. मग पुढे हात चालेना. चार वाजता उजेड गेला. आई दारात उभी होती. म्हणाली, ‘‘आज एकच रेष?’’ म्हटलं, ‘‘आजच्यापुरती पुरे.’’

आज सकाळी पाकीट आलं. वर तुझं अक्षर, ते मी आडवं-तिडवं कुठूनही ओळखीन. आत माझाच कागद, घडी तिथेच. सगळ्या आकड्यांपुढे लाल पेन्सिलने बरोबरच्या बारीक खुणा. फक्त चारच्या आकड्याभोवती गोल, आणि बाजूला ‘४७३.९. आठ आणि चार सारखेच असतात.’

मी ३ आणि ७ची अदलाबदल केली होती. आठच्या रेषेपुढे बरोबर लिहिलं आणि चारपुढे चुकवलं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळवून पाहिले नाहीत. तशीच कोरली असती तर चारची रेषा सकाळच्या आठपेक्षा जवळ आली असती आणि घड्याळाने पुन्हा दुपारी तोंडघशी पाडलं असतं. आईला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘बघा, अजून तपासते तुम्हाला,’’ आणि पदराने डोळे पुसायला आत गेली. मी इथेच पुसले.

दुपारी सगळ्या रेषा आखल्या. प्रत्येक अंतर तीनदा मोजलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा आईला पट्टी धरायला लावून. कोरायला आठ दिवस लागतील.

संध्याकाळी वाचनालयातला गवंडी आला होता. नवी फरशी घालताना चौथरा दोन बोटं अरुंद झालाय, म्हणाला. ‘‘तबकडीच्या डाव्या कडेचं पितळ थोडं कापून द्या ना, तसंही तिथे काही नाहीये, रिकामंच आहे.’’

रिकामं नाही. तुझं नाव तिथे येणार आहे, तू हो म्हटलंस तर. पण मी त्याला ते सांगितलं नाही. मी पुन्हा तुझा कागद उघडला. सगळ्या आकड्यांच्या खाली, अगदी कडेला, मुंग्यांसारख्या अक्षरात तू एकच ओळ लिहिली आहेस, ना प्रिय, ना नमस्कार, ना सही:

‘समास कापू नका.’

मी खिशातली जाड पेन्सिल काढली, त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि गवंड्याला म्हटलं, चौथरा दोन बोटं वाढवा.

बाबा